धरायला काहीतरी

कुणाच्याही घरी गेले की मिस्त्री चपला दाराबाहेर काढायचे, हातातली पिशवी खाली ठेवायचे आणि म्हणायचे, "आधी भिंत बघू द्या."

घरातली सून पाण्याचा पेला घेऊन उभी असायची, पलंगावरच्या आजी उठून बसायची धडपड करत असायच्या, आणि हे पंचावन्नच्या आसपासचे, पांढरी दाढी राखलेले गृहस्थ पॅसेजच्या भिंतीला जवळजवळ नाक लावून वाकलेले. नवख्या माणसाला वाटायचं, ओल शोधताहेत. ते हाताचे डाग शोधत असायचे.

म्हातारं माणूस रोज जिथे हात टेकतं तिथला रंग काळपट होतो. तेलकट, करडा, तळव्याएवढा डाग. तुमच्याही घरात असा एखादा असेल. दिवाळीत रंग काढताना तो बुजतो आणि दोन महिन्यांत परत येतो, आपण मात्र त्याच्याकडे बघत नाही. मिस्त्रींचं काम त्या डागापासून सुरू व्हायचं. पलंगापासून संडासापर्यंत ते डाग मोजत जायचे आणि जिथे डाग संपायचा तिथे पेन्सिलीने फुली मारायचे. "इथून पुढे आजी अल्लाच्या भरोशावर चालतात," असं हळूच मला सांगायचे. मग आजींच्या समोर जाऊन उकिडवे बसायचे आणि मुलाला, सुनेला काहीही न विचारता थेट त्यांना विचारायचे, "आजी, उठताना तुम्ही काय धरता?"

आजी कधी खुर्ची सांगायच्या, कधी दाराची कडी, कधी नळ. एका आजींनी सांगितलं होतं, "देवाचं नाव." मिस्त्री म्हणाले, "ते धराच. जोडीला एक दांडी देतो."

मी फिजिओथेरपिस्ट. त्या वर्षांत पनवेलच्या जुन्या भागातल्या एका हाडांच्या दवाखान्यात सकाळी काम करायचे आणि दुपारनंतर स्कूटरवरून पेशंटांच्या घरी जायचे. बहुतेक पेशंट खुब्याचं हाड मोडलेले. सत्तरी-पंचाहत्तरीच्या बायका जास्त. कुणाला रॉड घातलेला, कुणाचा बॉल बदललेला. त्यांना पलंगावरून उठवायचं, वॉकर धरून चार पावलं चालवायचं, घरच्यांना चार गोष्टी सांगायच्या आणि पुढच्या घरी जायचं. काम वाईट नव्हतं. थकवा यायचा तो दुसऱ्याच गोष्टीचा. ज्यांना मी सहा महिन्यांपूर्वी पायावर उभं केलं, त्यांच्यातलंच कुणीतरी परत स्ट्रेचरवरून यायचं, आणि या वेळी दुसरा पाय आखूड होऊन बाहेर वळलेला असायचा. एकदा खुबा मोडला की दुसरा मोडण्याचा धोका वाढतो, आणि पहिलं वर्ष सगळ्यात नाजूक, हे आम्हाला ठाऊक होतं. घरी सोडताना मी एक कागद द्यायचे. त्यावर सतरा सूचना होत्या. पायपुसणी काढा, दिवा लावून ठेवा, डोळे तपासा, झोपेच्या गोळ्या डॉक्टरांना विचारून कमी करा, बाथरूममध्ये दांडी बसवा, असं बरंच. तो कागद वाचून दाखवताना माझा आवाज कसा लागायचा, ते मला पुढे एका माणसाने सांगितलं.

तो माणूस म्हणजे मिस्त्री. पहिल्यांदा भेटले ते त्यांच्या अम्मामुळे.

जुन्या पनवेलच्या मोहल्ल्यात त्यांचं बैठं घर होतं. मिस्त्री पंधरा वर्षं मस्कतला नळकाम करत होते, बहुतेक हॉस्पिटलांमध्ये. अम्मा घराच्या मागच्या दारात पडल्या, खुबा मोडला, म्हणून ते महिन्याची रजा काढून आले होते. मी जायचे तेव्हा ते अम्मांच्या मागे उभे राहून मी काय करते ते नीट बघायचे. पाचव्या-सहाव्या दिवशी तर माझ्याआधी त्यांनीच अम्मांना खुर्चीवरून उठवायला सुरुवात केली होती. कागद दिला, वाचून दाखवला. ते मान हलवत होते. दांडीचं सांगितलं तेव्हा हसले आणि म्हणाले, "मॅडम, मस्कतला मी हजार दांड्या बसवल्या असतील. आपलंच काम आहे. पुढच्या रजेत मस्त स्टीलची आणतो." रजा संपली, ते गेले.

सात महिन्यांनी अम्मा पुन्हा आल्या. बाथरूममध्ये तोल गेला तेव्हा त्यांनी टॉवेलची दांडी धरली. टॉवेलच्या दांडीचा जीव तो केवढा. दोन बारीक स्क्रू आणि प्लॅस्टिकच्या गुल्ल्या. दांडी भिंतीतून उपटून त्यांच्या हातात आली आणि त्या दुसऱ्या अंगावर पडल्या. दुसरा खुबा. ऑपरेशन झालं, छातीत कफ भरला, अकराव्या दिवशी त्या गेल्या. मिस्त्री मस्कतहून पोहोचले तेव्हा त्या शुद्धीवर नव्हत्या.

ती टॉवेलची दांडी त्यांनीच बसवली होती, मागच्या की त्याच्या मागच्या रजेत.

अम्मांचा चाळिसावा दिवस झाल्यावर ते दवाखान्यात आले. बाकीचे पेशंट जाईपर्यंत बाकावर बसून राहिले. मग माझ्या टेबलासमोर येऊन त्यांनी शांतपणे विचारलं, "अम्मा परत पडणार, हे तुम्हाला माहीत होतं?"

मी म्हटलं, नक्की असं कुणालाच माहीत नसतं, पण धोका माहीत होता.

"मग मला का नाही सांगितलं?"

मी म्हटलं, सांगितलं होतं. दांडीचंही सांगितलं होतं. तुम्ही हो म्हणालात.

रागावलेले दिसले नाहीत. म्हणाले, "सांगितलंत. पण यादीत सांगितलंत, मॅडम. सतरा गोष्टींत ती नववी होती. तुम्ही नळाची बिलं वाचावी तशी वाचलीत. तेव्हा माझा हात धरून म्हणाला असतात, की विमान चुकलं तरी चालेल पण आधी ही एक दांडी लाव, तर मी लावली असती. अर्ध्या तासाचं काम होतं."

मला राग आला होता, खोटं कशाला सांगू. सकाळपासून वीस पेशंट झाले होते, आणि हा माणूस मला शिकवायला बसला होता. स्कूटर चालू करताना मात्र लक्षात आलं की दांडी नवव्या नंबरवरच होती.

मिस्त्री मस्कतला परत गेले नाहीत. बायकोने, भावांनी पुष्कळ सांगून बघितलं. त्यांनी ड्रिल मशीन घेतलं आणि पनवेलात नळकाम सुरू केलं. एक दिवस येऊन मला म्हणाले, "तुमचे पेशंट घरी जातात ना, त्याच्या आधी मला पत्ता देत जा." पुढची आठ-नऊ वर्षं मी पत्ते देत राहिले. कधी ते एकटे जायचे, कधी माझ्याबरोबर यायचे. मी व्यायाम घ्यायला लागले की ते भिंतीला लागायचे.

सगळे काही त्यांचं हसतमुखाने स्वागत करत नसत. नव्या टाइल्स फुटतील, घर भाड्याचं आहे, पाहुणे आले की हॉस्पिटलसारखं दिसेल, अशी उत्तरं ठरलेली. एका मुलाने सांगितलं, आईला सांगितलंय एकटीने जायचं नाही, दांडी कशाला? मिस्त्रींनी विचारलं, तुम्ही कामाला किती वाजता जाता? तो म्हणाला, सातला. मिस्त्री म्हणाले, "मग सातनंतर आईला संडासला जायचं नाही, हेही सांगितलंय का?" मुलगा वरमला. दांडी बसली.

बेलपाड्याच्या एका आगरी आजींनी मात्र त्यांना दाद दिली नाही. ओट्याच्या दोन पायऱ्यांवरून पडून त्यांचा खुबा मोडला होता. पाय जेमतेम टेकायला लागला तशा बाजारात जायच्या गोष्टी करू लागल्या. मिस्त्रींची दांडी बघून म्हणाल्या, "मना काय झाला नाय. आमचे घरान हॉस्पिटल नको." मिस्त्री म्हणाले, हॉस्पिटलची नाहीच ही, कपडे वाळत घालायची आहे. मग ठीक, म्हणाल्या. पायऱ्यांच्या कडेने दांडी बसली. पुढच्या आठवड्यात आम्ही गेलो तर तिच्यावर या टोकापासून त्या टोकापर्यंत बोंबील, जबड्यात जबडा अडकवून जोडीजोडीने वाळत घातलेले. हात ठेवायला बोटभर जागा नव्हती. मिस्त्री पायरीवर बसून डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसले. दुसऱ्या दिवशी येऊन त्यांनी दुसऱ्या बाजूला आणखी एक दांडी ठोकली.

"एक बोंबलांची, एक तुमची," ते म्हणाले.

"माजी कंची?" आजींनी विचारलं.

"जिला वास येत नाही ती."

त्या आजी पुन्हा पडल्या नाहीत. पुढे बाजारातही जायला लागल्या, आणि एकदा मिस्त्रींच्या घरी वाटाभर सोडे, सुकी कोळंबी, पोचते केले.

दांडीवर त्यांचं काम संपत नसे. अम्मांच्या उशीखाली त्यांना हाडांच्या गोळ्यांचं पाकीट सापडलं होतं. आठवड्याला एक, अशी चार महिन्यांची गोळी दिली होती, आणि त्यातली एकच घेतलेली होती. ते त्यांच्या मनातून जात नव्हतं. ती गोळी सकाळी उपाशीपोटी, भरपूर साध्या पाण्याबरोबर घ्यायची आणि मग अर्धा तास आडवं व्हायचं नाही, असा तिचा नियम. मिस्त्रींनी सगळ्यांसाठी शुक्रवार ठरवून टाकला. गुरुवारी संध्याकाळी फोन करायचे, "उद्या जुम्मा." बस्स, एवढंच. पनवेलातल्या कितीतरी घरांत, जिथे जुम्म्याचा बाकी काही संबंध नव्हता तिथेही, ती जुम्म्याची गोळी झाली. एक आजी म्हणाल्या, शुक्रवारी माझा उपास असतो. मिस्त्री म्हणाले, "मग उत्तम. ही गोळी उपाशीपोटीच लागते. तिची आणि उपासाची दोस्ती आहे."

मीसुद्धा बदलले, पण हळूहळू. घरातून निघताना ते दारात थांबून म्हणायचे, "मॅडम, आज एकच सांगा." सतरा सूचनांचा कागद मी अजून देते. पण एका भेटीत तोंडाने एकच सूचना सांगते, ती घरच्यांकडून वदवून घेते, आणि पुढच्या भेटीत ती झाली का ते बघूनच दुसरी सांगते. याला वेळ लागतो. तेवढा वेळ मला द्यावासा वाटावा, यालाही दोन-तीन वर्षं लागली.

मग करंजाड्याच्या बाई आल्या. बाई म्हणजे शाळेतल्या बाई. चौतीस वर्षं मराठी शिकवून निवृत्त झालेल्या, सत्त्याहत्तर वर्षांच्या. मुलगा बोटीवर, वर्षातले आठ महिने बाहेर. घरात सून आणि बाई. सून बेलापूरला नोकरीला, सकाळी आठला जायची ती संध्याकाळी सातला यायची. बाईंचा डावा खुबा मोडला तेव्हा तिची सगळी रजा संपली होती. चेहऱ्यावरून दिसायचं की तिला कित्येक दिवसांत धड झोप नाही.

त्या नव्या इमारतीच्या भिंती पोकळ विटांच्या. मिस्त्रींनी बोटाने वाजवून बघितलं, एक भोक पाडलं, आतून नुसती भुकटी पडली. मशीन बंद करून ते म्हणाले, इथे दांडी लागणार नाही. सून म्हणाली, कशीतरी बसवा हो, निदान नावाला. मिस्त्री क्वचितच ताडकन बोलत. तेव्हा बोलले. "नावाला एक बसवली होती मी. धरायला काही नसलं तर माणूस जपून तरी चालतं. खोटी दांडी असली की भरोशाने अंग टाकतं." मग दोन दिवसांनी जमिनीपासून स्लॅबपर्यंत उभे पाइप आणले, खालीवर पक्के केले आणि स्वतः लोंबकळून दाखवलं.

दोन महिन्यांनी, माझ्या तिथल्या भेटी संपल्यावर, त्यांचा मला फोन आला. करंजाड्यात दुसऱ्या कामाला गेले होते म्हणून बाईंकडे डोकावले होते. म्हणाले, "मॅडम, पाइप चमकताहेत."

मी म्हटलं, मग चांगलंच आहे की.

"कुणी हातच लावत नाही त्यांना. बाई उठतच नाहीत."

खरंच तसं होतं. सुनेने पलंगाशेजारी संडासच्या भांड्याची खुर्ची ठेवली होती, थर्मास, डबा, टीव्हीचा रिमोट, सगळं हाताशी. निघताना ती सांगून जायची, आई, मी येईपर्यंत उठू नका. आणि बाई उठत नव्हत्या. तिचं चुकत होतं असं मी म्हणणार नाही. परत काही झालं तर ती कुठून रजा आणणार होती? पण बसून बसून बाईंच्या मांड्या काटकुळ्या झाल्या होत्या. अशी माणसं कशी पडतात ते मी खूप वेळा पाहिलं होतं. एखाद्या दिवशी दाराची घंटा वाजते, सवयीने उठायला जातात, आणि पायांत काही उरलेलं नसतं. मी सुनेला हे समजावून सांगितलं. तिने ऐकलं आणि विचारलं, मग दिवसा कोण असणार त्यांच्याबरोबर? आठवड्यातून एकदा मी पुन्हा येऊ शकत होते, त्यापेक्षा जास्त जमत नव्हतं.

मिस्त्री म्हणाले, मंगळवार आणि शनिवार मी येईन.

आधी दारापर्यंत, मग लिफ्टपर्यंत, मग खाली नोटीस लावायच्या फळ्यापर्यंत. मिस्त्री उर्दू शाळेत सातवीपर्यंत शिकलेले. मराठी फर्डं बोलायचे पण वाचताना अडखळायचे. हे बाईंच्या लक्षात यायला एक मंगळवार पुरला. फळ्यापाशी पोचलं की वॉकरला टेकून त्या म्हणायच्या, वाचा. मिस्त्री बोट ठेवून वाचायचे, "उद्या दुपारी पाणी-पुर-वठा खं-डित राहील." बाई म्हणायच्या, खंडित म्हणजे? "तुटलेला," मिस्त्री म्हणायचे. "बरोबर. पण पाणी तुटत नाही, पुरवठा तुटतो. उद्या परत." पावसाळ्यात सोसायटीने एक महिना नोटीसच बदलली नाही, तेव्हा बाईंनी सेक्रेटरीला चिठ्ठी पाठवली होती.

पाइपांवर ठसे उमटायला लागले. पाचव्या महिन्यात बाई काठीवर गेटबाहेरच्या बाकापर्यंत जाऊ लागल्या. सून काळजीत असायची, पण घरी आल्यावर बाई तिच्यासाठी उभ्याने चहा टाकतात, यानेही ती थोडी सैल झाली होती.

त्या हिवाळ्यात त्यांच्या शाळेच्या जुन्या विद्यार्थ्यांनी मेळावा भरवला. बाईंना गाडी पाठवतो म्हणाले. सून नको म्हणत होती. मला विचारलं, मी म्हटलं, जाऊ दे, कुणीतरी बरोबर राहा. मिस्त्रींना विचारलं, ते म्हणाले, जाऊ दे. बाई गेल्या. मंचाच्या तीन पायऱ्या चढल्या, दहा मिनिटं बोलल्या, उतरल्या, आणि खुर्चीकडे जाताना जमिनीवरच्या माइकच्या वायरीत काठी अडकली. उजवा खुबा.

दवाखान्यात ऑपरेशनच्या खोलीबाहेर सून उभी होती. आम्ही दोघं गेलो. ती ओरडली नाही. थकलेल्या आवाजात म्हणाली, "तुम्ही दोघांनी त्यांना चालवलंत. बसून होत्या तेव्हा निदान धड होत्या." मी काहीतरी बोलायला गेले. मिस्त्रींनी पिशवी उचलली आणि जिन्याने खाली गेले.

त्यानंतर त्यांनी पत्ते घेणं बंद केलं. फोन केला तर बायको सांगायची, बाहेर गेलेत. तीन आठवड्यांनी मी त्यांच्या घरी गेले. ओट्यावर बसले होते, रिकाम्या हाताने. त्यांना तसं मी कधी पाहिलं नव्हतं.

"अम्माला मी काही दिलं नाही, ती पडली," ते म्हणाले. "बाईंना जे होतं ते सगळं दिलं. त्याही पडल्या. मग फरक काय, मॅडम?"

मी त्यांच्याशेजारी बसले. मला धीराचं काही बोलता आलं असतं, पण त्या दिवशी अंगात तेवढं त्राण नव्हतं, म्हणून खरं तेच बोलले. म्हटलं, मिस्त्री, आपण कमी करतो. थांबवत नाही. कितीजण आपल्यामुळे पडले नाहीत ते आपल्याला कधी कळत नाही. जे पडतात तेवढेच आपल्यासमोर येतात.

"हेही आधी सांगायला हवं होतं," ते म्हणाले. पण या वेळी त्यांनी आत आवाज देऊन माझ्यासाठी चहा सांगितला.

दोन दिवसांनी मी करंजाड्याला गेले. बाई घरी आल्या होत्या. पलंगावर बसूनच पहिला प्रश्न, मिस्त्री का येत नाहीत? सून तिथेच कपड्यांच्या घड्या घालत होती. मी सांगितलं, त्यांना वाटतं तुम्ही त्यांच्यामुळे पडलात. बाईंनी सुनेकडे एकदा बघितलं, मग माझ्याकडे.

"त्यांना माझा निरोप सांगा," त्या म्हणाल्या. "मराठीत घरातून निघण्याला बाहेर पडणं म्हणतात. वर्षभराने मी बाहेर पडले. मग पडले. घरात बसून राहिले असते तर कुजले असते, त्याला मराठीत पडून राहणं म्हणतात. तीन पायऱ्या चढले आहे मी, ते आधी सांगा."

सुनेने घडी घातलेला टॉवेल मांडीवर तसाच धरून ठेवला. मग म्हणाली, "शनिवारी मला सुट्टी आहे. त्यांना शनिवारी यायला सांगा. मलाही शिकायचंय कसं चालवायचं ते."

निरोप मी शब्दाला शब्द पोचवला. मिस्त्री ऐकताना मान खाली घालून होते. त्यांनी "पडून राहणं" परत म्हणायला लावलं आणि स्वतःशीच हसले. शनिवारी गेले.

दुसऱ्या खेपेला बाईंना उभं राहायला जास्त वेळ लागला. पण राहिल्या. काठी परत आली नाही, वॉकरच राहिला. खालच्या फळ्यापर्यंत मात्र जायच्या, कधी मिस्त्रींबरोबर, कधी सुनेबरोबर. मिस्त्री त्यांच्या मागून चालायचे, दोन्ही हात त्यांच्या कमरेच्या दोन बाजूंना पसरलेले, कुठेही स्पर्श नाही. आपण हातात पाण्याने भरलेलं पातेलं घेऊन जातो ना, तसा चेहरा करून.

पत्तेही पुन्हा सुरू झाले. पण आता ते घरच्यांना निघताना स्वतःच सांगायचे, "हे लावलं म्हणजे पडणार नाहीत असं नाही. कमी पडतील." काहींना ते आवडायचं नाही. एकाने विचारलं, मग लावायचं कशाला? मिस्त्री म्हणाले, कमीसाठीच.

तीन-चार वर्षांनी त्यांना साखरेने गाठलं. आधीपासून होती, त्यांनी कधी मोजलीच नव्हती. दुसऱ्यांच्या गोळ्यांचे फोन करणाऱ्या माणसाने स्वतःची तपासणी करू नये, यावर मी त्यांना पुष्कळ बोलले. ते हसून घ्यायचे. किडन्या गेल्या, आठवड्याला दोनदा डायलिसिस. मशीन उचलवेना तेव्हा भिंत बघून फक्त फुल्या मारून यायचे, भोकं दुसरा कुणी पाडायचा. मग तेही थांबलं. एका सकाळी त्यांच्या बायकोचा फोन आला.

बाईंना सांगायला मीच गेले. त्या तेव्हा ब्याऐंशीच्या होत्या. ऐकल्यावर त्यांनी वॉकर जवळ ओढला. मग म्हणाल्या, मला त्यांच्या घरी जायचंय. सुनेने एकदा माझ्याकडे पाहिलं आणि रिक्षा बोलवायला गॅलरीत गेली.

मोहल्ल्यातल्या त्या घरात बायका आतल्या खोलीत चटईवर बसल्या होत्या. बाईंना खाली बसवणं शक्य नव्हतं, म्हणून त्यांच्यासाठी बाहेरचा बुटका दिवाण रिकामा केला. मला तो बघून धडकीच भरली, इतका खाली होता. बाई बसल्या. मिस्त्रींची बायको येऊन त्यांचा हात हातात घेऊन बसली. दोघींची ओळख नव्हती. बायको म्हणाली, तुमच्याकडून आले की मराठी पेपर मोठ्याने वाचून दाखवायचे, आम्हाला झोपू द्यायचे नाहीत दुपारचे. बाई म्हणाल्या, जोडाक्षरं चुकायची. अजून चुकायची. आणि तिच्या हातावर आपला दुसरा हात ठेवला.

निघायची वेळ झाली तशा चार-पाच बायका भराभर उठल्या आणि बाईंच्या दंडाला, काखेत हात घालायला पुढे झाल्या. सूनही झाली. मीही.

बाईंनी हात वर केला. "कुणी धरू नका," त्या म्हणाल्या. "मी उठते."

सगळ्याजणी जागच्या जागी थांबल्या. बाई दिवाणाच्या कडेला सरकल्या. पाय मागे घेतले, तळवे दिवाणावर टेकवले, वाकून नाक पायांच्या पुढे नेलं. पहिल्यांदा जमलं नाही, परत बसल्या. श्वास घेतला. मिस्त्रींची बायको पदर तोंडाशी धरून बघत होती. दुसऱ्यांदा बाईंनी तळव्यांवर सगळा भार दिला, आणि त्या हळूहळू, फार हळूहळू, त्या खोलीत सरळ उभ्या राहिल्या.